वाळूची वाटी

पक्ष्याला दात नसतात, म्हणून त्याच्या पोटात खडे हवेतच. हे मी इतक्या लोकांना ठासून सांगितलंय की आता त्यांच्याच समोर उलटं बोलताना जरा अवघडायला होतं. नव्यानं बजी पाळणारा कुणी भेटला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ग्रिट ठेवता ना?" म्हणजे खड्या-वाळूची वाटी. (आपल्याकडे सगळे बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. ते सोडा.) नाही म्हणाला की त्याची धडगत नसे.

माझा विश्वास काही वाचून आलेला नव्हता. घरी कोंबड्या होत्या. कोंबडी कापली की पेठा चिरून आतले खडे धुऊन काढावे लागत. सगळे झिजून गुळगुळीत झालेले, कधी एखादा काचेचा तुकडा निघे, त्याचीही धार गेलेली असे. एवढा पुरावा तळहातावर असताना शंका कशाला येईल? जे कोंबडीला, तेच कबुतराला, तेच बजीला. पक्षी तो पक्षी.

ही "पक्षी तो पक्षी" गोष्टच पहिली डळमळली, आणि तीही पिंजरा साफ करताना. बजीची दाण्याची वाटी काठोकाठ भरलेली दिसते, फुंकर मारली की निम्मी रिकामी होते. वर असतं ते नुसतं फोलपट. वर्षानुवर्षं मी ते फुंकून टाकत होतो. ते येतं कुठून, हे मात्र कधी निरखून पाहिलं नव्हतं. एकदा पिंजऱ्याला नाक लावून बसलो. बजी राळ्याचा दाणा जिभेनं उचलतो, वरच्या चोचीच्या आतल्या बाजूला ज्या खरखरीत कडा असतात त्यांच्यावर टेकवतो, खालच्या चोचीच्या धारेनं दाबतो. टच्. जीभ दाणा गर्रकन फिरवते, सालं दोन्ही बाजूंनी गळतात आणि आतला पांढुरका गर तेवढा पोटात जातो. हे सगळं निमिषात होतं, आणि दुसरा दाणा चोचीत आलेलाही असतो.

म्हणजे सोलण्याचं काम चोचीतच उरकलं. कोंबडी आणि कबूतर ज्वारी, मका सालासकट गिळतात. ते दळायला पेषणीत, म्हणजे त्याच पेठ्यात, खडे लागतात. बजीच्या पेषणीत येतो तो सोललेला दाणा. तिचे स्नायू आणि आतलं टणक अस्तर त्याला पुरेसं असतं. जातं आहे, पण त्यात घालायला येतंय ते आधीच सोललेलं धान्य.

तरी मी लगेच ग्रिटची वाटी काढली नाही. माझ्याकडे आणखी एक मुद्दा होता: "अहो, पण तो आवडीनं खातो की!" आवडीनं खातो म्हणजे अंगाला हवं असणार. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांना मी हेच ऐकवलं. त्यांनी वाद न घालता एका आजारी बजीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. पोटात पांढऱ्या कणांचा गच्च गोळा होता. बजीचं सगळं वजन 30 ते 40 ग्रॅम, त्याच्या पोटात जागा ती किती? डॉक्टर म्हणाले, निरोगी पक्षी चार-दोन कण उचलतो आणि सोडून देतो. आजारी किंवा खनिजं कमी पडलेला पक्षी मात्र मिळेल त्या खड्यावर तुटून पडू शकतो. म्हणजे ज्याला मी आवड समजत होतो, ती एखाद्याची भूकही असू शकते, आणि ती वाळूनं भागणारी नाही.

पाकिटातल्या "ग्रिट"मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात, हे मला तेव्हा कळलं. गारगोटीची खडी पोटात तशीच राहते. शिंपल्याचा चुरा जठरातल्या आम्लात विरघळतो आणि कॅल्शियम देतो. पाकिटाचा जो काही गुण येत होता तो या शिंपल्याचा.

आणि कॅल्शियमची गरज खरीच आहे, त्याबद्दल माझं मत उलट जास्त कडक झालंय. ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या माळावर रानटी बजी नाना गवतांच्या बिया खातो, त्यात हिरव्या, अर्धपिकल्याही असतात. आपण त्याला बारा महिने राळा आणि बाजरी घालतो. 100 ग्रॅम राळ्यात कॅल्शियम 30 मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. मादी एका खेपेला साधारण 4 ते 6 अंडी घालते, एक दिवसाआड एक. कवचाचं कॅल्शियम पोटातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते; तेही पुरलं नाही तर अंडं अडकतं. पिसं फुगवून, शेपटी वरखाली करत पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली मादी दिसली तर सकाळची वाट पाहायची नसते.

यावर उपाय कोकणातल्या पोरांना माहीत असलेला आहे. किनाऱ्यावर माकलीचं ते पांढरं, हलकं हाड पडलेलं असतं ना, ते समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतं. किनाऱ्यावरून आणलं तर गोड्या पाण्यात काही दिवस भिजत घालायचं, पाणी रोज बदलायचं, मग कडक उन्हात वाळवायचं. मऊ बाजू आत करून तारेनं बांधलं की बजी हवं तेवढं खरवडतो, नको तेव्हा ढुंकून बघत नाही.

त्यातून आयोडीन मात्र पुरेसं मिळेल असं धरून चालू नये, आणि दाण्यांत तर ते नावालाच असतं. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या बजींमध्ये गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजण्याचा आजार जुना आहे. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, खाल्लेलं उलटतं. म्हणून आयोडीन असलेला खनिजाचा खडा मी टांगून ठेवतो.

कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या पूड आणि बाटल्यांवरचा विश्वास याच ओघात गेला. पूड दाण्यावर भुरभुरली तर ती सालाला चिकटते, आणि सालाचं काय होतं ते वर सांगितलंच. पाण्यात औषध घातलं तर पक्षी किती प्यायला कोण मोजणार? शिवाय ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात. त्यापेक्षा सकाळचं कोवळं ऊन द्यावं, पण खिडकीच्या काचेतून नव्हे, कारण ड जीवनसत्त्वासाठी कामाचे किरण काच अडवते. आणि पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत ठेवावा. शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेली नाचणी घालावी. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

माझे एक जुने स्नेही अजूनही ग्रिट ठेवतात आणि त्यांचे पक्षी ठणठणीत आहेत. त्यांच्याशी मी भांडत नाही. चार कणांनी निरोगी पक्षी मरत नाही. फक्त नवख्याला आता मी "ग्रिट ठेवता ना?" असं विचारत नाही, "दाण्याशिवाय काय देता?" असं विचारतो. कबूतरवाल्यांनी मात्र हे वाचून आपली वाटी उचलू नये. त्यांच्या पाखरांना खडे लागतात.