शांतिनिकेतनचे ऋतू

हावड्याहून निघालेल्या गाडीने बर्दवान मागे टाकले, की खिडकीबाहेरची माती हळूहळू रंग पालटू लागते. भाताच्या खाचरांमधून मधूनच तांबडा पट्टा डोकावतो आणि कोकणातल्या जांभ्यावर वाढलेल्या माणसाला उगीचच घरी आल्यासारखे वाटते. तीनएक तासांत बोलपूर येते. स्टेशनाबाहेर विजेवर चालणाऱ्या रिक्षांची रांग असते; तिला इकडे ‘टोटो’ म्हणतात. तीत बसावे आणि ‘शांतिनिकेतन’ एवढेच सांगावे. बाजारपेठेची गजबज संपते, झाडांची सावली दाट होते आणि एका शाळेच्या दारात आपण येऊन उतरतो.

हा बीरभूम जिल्हा. पावसाच्या पाण्याने कोरून काढलेल्या तांबड्या घळी, म्हणजे इकडची ‘खोवाई’, उंच ताड, संथाळांची सारवलेली घरे आणि उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्याने वाहणारी कोपाई नदी. महर्षी देवेंद्रनाथांनी १८६३ साली इथली वीस बिघे जमीन घेतली, तेव्हा त्या माळावर सावली अशी फारशी नव्हती. आज जी आंबराई आणि सालवृक्षांची वाट आपण पाहतो, ती माणसांनी हौसेने लावून वाढवलेली आहे. १९०१ साली रवींद्रनाथांनी इथे मोजक्या मुलांना घेऊन शाळा काढली. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकायला इथे येऊन राहिले आणि त्यांच्या ‘वंगचित्रे’मुळे हे ठिकाण मराठी घरांत ओळखीचे झाले.

शाळेचे वर्ग अजूनही झाडांखाली भरतात. मुले आपापले आसन बगलेत मारून येतात आणि शिक्षकांभोवती अर्धवर्तुळ करून बसतात. शिक्षकांच्या नावापुढे ‘सर’ किंवा ‘बाई’ नाही. कुणी अमुक‘दा’, कुणी तमुक‘दी’, म्हणजे दादा आणि दीदी. साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून बुधवारी. अशा वर्गाला भिंत नसते, त्यामुळे ऋतूला आत येण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सर आली की आसने गुंडाळायची. आंब्याला मोहोर आला की तो वहीवर गळणारच. ज्या मुलांच्या अंगावरून ऋतू असा रोज जातो, त्यांनी त्याचे सण करावेत यात नवल ते काय?

पण हे सण सुरू कसे झाले, ही हकिगत मोठी हृद्य आहे. १९०७ सालच्या श्रीपंचमीला रवींद्रनाथांच्या धाकट्या मुलाने, शमींद्रनाथाने, सोबत्यांना जमवून इथे पहिला ऋतुउत्सव केला. मुलांनी वसंत, वर्षा, शरद अशी ऋतूंची सोंगे घेतली. शमी तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेरला कॉलऱ्याने तो गेला. बरोबर पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला त्याची आई गेली होती.

मुलाने मांडलेला खेळ मुलाबरोबर संपायचा, ही जगाची रीत. इथे तसे झाले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, रवींद्रनाथांनी आश्रमातल्या मुलांसाठी ‘शारदोत्सव’ नाटक लिहिले. त्यात बाकीची पोरे सुट्टीत हुंदडत असतात आणि उपनंद नावाचा मुलगा मात्र आपल्या दिवंगत गुरूचे कर्ज फेडण्यासाठी पोथ्या नकलून काढीत बसलेला असतो. संन्याशाच्या वेषात आलेला राजा त्याच्याजवळ बसतो आणि त्या कष्टातच खरा उत्सव पाहतो. शरदाची शोभा म्हणजे धरतीने फेडलेले ऋण, असा त्या नाटकाचा भाव आहे. वर्षभरापूर्वी पोरगा गमावलेल्या बापाने इतर लेकरांच्या हाती हे नाटक दिले, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे त्यातला शब्द न् शब्द वेगळा वाटू लागतो.

तेव्हापासून इथले पंचांगच निराळे झाले. पावसाळ्यात वर्षामंगल. महालयेच्या दिवशी, पूजेच्या सुट्टीच्या तोंडावर, ‘आनंदबाजार’: मुले स्वतः केलेल्या वस्तू आणि खाद्यपदार्थ मांडून विकतात आणि आलेला पैसा सेवेच्या कामाला जातो. पौषात मेळा, फाल्गुनात वसंतोत्सव. यांतला सर्वांत देखणा सोहळा मात्र वृक्षारोपणाचा. १९२८ साली तो सुरू झाला. सजवलेल्या पालखीतून एक रोपटे मिरवत आणतात, शंख वाजतात आणि पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश बनलेली पाच मुले त्या बालतरूला आशीर्वाद देतात. बारशाचाच थाट! बंगाली श्रावणाच्या २२ तारखेला, १९४१ साली, रवींद्रनाथ गेले. आता वृक्षारोपण त्याच तिथीला होते. गुरुदेवांच्या पुण्यतिथीला इथली मुले झाड लावतात.

दुसऱ्या दिवशी जवळच्या श्रीनिकेतनात हलकर्षण असते. पहिल्या वेळी, १९२८ साली, रवींद्रनाथांनी स्वतः नांगराला हात लावला होता. नंदलाल बसूंनी तो प्रसंग तिथल्या भिंतीवर चितारून ठेवला आहे. सजवलेले बैल आणि रांगोळीने नटलेली भुई पाहून आपल्याला पोळ्याची आठवण न झाली तरच आश्चर्य. फरक एवढाच, की आपला पोळा शेतकऱ्याच्या दारात. हा शाळेच्या वेळापत्रकात.

या चित्राला एक डाग लागायची वेळ आली होती, तेही सांगायला हवे. वसंतोत्सवाची कीर्ती पसरली आणि लाखांनी लोक येऊ लागले. गुलाल, गाड्या, कॅमेरे, रेटारेटी. उत्सव ज्यांचा, ती पोरे गर्दीत दिसेनाशी झाली. २०२० साली साथीमुळे उत्सव रद्द झाला. त्यानंतर विश्वभारतीने तो आपल्या मुलांपुरता आणि शिक्षकांपुरता, बाहेरच्या गर्दीला वगळून करण्याचे धोरण धरले. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाचा मान दिल्यावर जपणुकीचे कारणही जोडीला आले. लांबून आलेले प्रवासी हिरमुसतात, दुकानदार कुरकुरतात, आणि त्यांचेही अगदीच चूक नाही. पण पोरांचा सण पोरांना परत मिळाला, हे मानले पाहिजे.

आपल्या शहरांतल्या शाळांतही सणांना तोटा नाही. दहीहंडी होते, भोंडला होतो, स्नेहसंमेलन तर होतेच. पण पुष्कळदा पोशाख भाड्याचा असतो, नाच दुसऱ्याने बसवलेला असतो आणि पहिल्या रांगेत आईबाप मोबाइल उंचावून बसलेले असतात. मूल सण करीत नाही, सण दाखवते. दहा वर्षांच्या शमीने सण दाखवला नव्हता. त्याला वसंत आलेला दिसला, म्हणून त्याने सोबत्यांना हाक मारली होती.

त्यासाठी माळ हवा, आंबराई हवी असेही नाही. देवेंद्रनाथ ज्या झाडाखाली ध्यानाला बसले ते बंगाल्यांचे ‘छातिम’, म्हणजे आपली सातवीण. पदवीदानाच्या वेळी विश्वभारतीत याच झाडाची पाने स्नातकांच्या हाती देण्याची प्रथा होती. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांच्या कडेला ती गेल्या काही दशकांत पुष्कळ लावली गेली आहे. दिवाळीच्या सुमारास ती फुलते आणि रात्री तिचा दर्प कोपऱ्यापर्यंत येतो; कुणाला तो आवडतो, कुणाचे डोके दुखते. फटाक्यांचा धूर निवळला, की पोरांचा हात धरून तिथवर जावे आणि एकेका झुबक्यात पाने खरोखर सात आहेत का, ते त्यांनाच मोजू द्यावे.