उभी गाडी

तुमच्यापैकी काहीजण ही पुस्तिका उसाच्या फडाशेजारी, कोपीत बसून वाचत असतील. असाच एक विद्यार्थी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास केजला माझ्या घरी येतो. येतो मोटारसायकलवर आणि जातो पायी. गळीत हंगाम संपेपर्यंत ती गाडी माझ्या पडवीत असते. थंड देशांत बर्फ पडू लागला की लोक मोटारसायकली झाकून ठेवतात. आपल्याकडे बर्फ नाही. पण हिवाळा लागताच बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि मागे गाड्या उभ्या राहतात.

मराठीत गाडी ‘उभी करतात’, आणि घरही उभे करतात, संसारही. थांबवणे आणि उभारणे या दोन्हींना क्रियापद एकच. पती-पत्नीच्या जोडीला मात्र मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. लक्षणेचे हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात दिले. उचल घेतली की माझा विद्यार्थी आणि त्याची पत्नी मिळून एक कोयता होतात, हे त्या वेळी मी उदाहरणापलीकडे पाहिले नव्हते.

गाडी ठेवण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. आधी तो ती धुऊन उन्हात वाळवतो, साखळीला तेल देतो. टाकी काठोकाठ भरून आणलेली असते. कारण रिकाम्या जागेत हवा शिरते आणि रात्रीच्या गारठ्यात तिच्यातील ओल थेंब होऊन पत्र्यावर बसते. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट होत नाही. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडतो आणि किक हळूहळू चार वेळा दाबतो. बॅटरी काढून माझ्या हाती देतो. सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी फडक्याचा बोळा, आणि वरून पत्नीचे जुने लुगडे. प्लास्टिक कधीच नाही. ते आत ओल धरून ठेवते.

गेल्या हंगामात एका सकाळी मला अंबाजोगाईला जायचे होते. माझ्या गाडीत पेट्रोल नव्हते. मी नळी घालून त्याच्या टाकीतले निम्मे पेट्रोल काढून घेतले. संध्याकाळी भरून टाकू, असे ठरवले आणि विसरलो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील पाणी ओढून घेते. आपल्याकडे ते उसापासूनही तयार होते. म्हणजे त्यानेच तोडलेल्या उसाचा अंश त्याच्या टाकीत पाणी ओढत बसला असेल.

पाडव्यानंतर तो परतला. कॉक उघडताच तळातील पाणी आणि गंज कार्बोरेटरमध्ये उतरले. किक मारून मारून तो घामाघूम झाला. टाकीचे झाकण उघडून आत पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, गडबडीत मीच टाकी पूर्ण भरली नसेल.’’ मी काही बोललो नाही. गाडी ढकलत तो मिस्त्रीकडे गेला. फडातून आणलेल्या पैशांतून त्याने बाराशे रुपये दिले. परीक्षा जवळ आली होती आणि केंद्रावर जायला ती गाडीच होती.

या दिवाळीला तो पुन्हा आला आहे. टाकी भरायला मीच त्याच्याबरोबर पंपावर गेलो. पैसे मी देऊ लागलो तेव्हा त्याने माझा हात धरला, ‘‘सर, तुम्ही कशाला?’’ मी पैसे दिले. का, ते अजून सांगितलेले नाही; ही पुस्तिका त्यालाही मिळेल.