परवाना एकच, कर्ज मात्र वेगळं

पक्षाघातानंतर उजवा हात लुळा पडलेल्या माणसाला डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकवणं, हे माझं काम. अमेरिकेत मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. या कामाचं बिल पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने मेडिकेअरकडे जातं. त्यावर उपचाराचा संकेतांक असतो, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असतो. ती कुठल्या विद्यापीठात शिकली, असा रकानाच नसतो.

मास्टर्स करू पाहणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगते. सरकारी विद्यापीठातून या की महागड्या खासगी विद्यापीठातून, अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असला की परीक्षा एकच. डॉक्टरेट केली तरी परवाना तोच. फीमध्ये मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

हे अंतर पोसलं गेलं ते सुलभ कर्जावर. २००६ पासून केंद्र सरकारच्या ग्रॅड प्लस योजनेत, विद्यापीठ ठरवेल त्या खर्चाइतकं कर्ज मिळू लागलं. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना बंद केली. मास्टर्ससाठी आता मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर. वरचा खर्च खासगी कर्जातून भागवायचा.

आता मिळकत पाहा. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये फिजिशियन असिस्टंटचा मध्यक वार्षिक पगार १,३३,२६० डॉलर होता, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा ९८,३४०, स्पीच थेरपिस्टचा ९५,४१० आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा ६०,२५०. यात अनुभवी लोकही आले. नवख्यांची सुरुवात सहसा याहून खाली होते. १ लाखाचं कर्ज आठ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १,२१३ डॉलर. थेरपिस्टच्या पगाराचा, तोही कर कापण्याआधीचा, सातवा हिस्सा त्यात जातो. अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा जवळजवळ पाव. त्यात आमच्या अभ्यासक्रमात चोवीस आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम करावं लागतं, बहुधा बिनपगारी. त्या काळातही फी चालू असते आणि व्याज चढत असतं.

महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांना सरकारी कर्ज मिळतच नाही. आईवडील घर तारण ठेवतात, आणि शिक्षणानंतर कामाची मुभा या शाखांत साधारण बारा महिन्यांचीच. त्यांनी तर विद्यापीठाच्या नावावर अजिबात भुलू नये. मान्यता आहे का, परीक्षेत किती टक्के मुलं उत्तीर्ण होतात, एकूण खर्च किती, एवढं विचारावं. सगळं मिळून होणारं कर्ज पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त होत असेल, तर तो प्रवेश सोडून द्यावा.

यात नुकसान एकट्या विद्यार्थ्याचं नाही. हप्त्याखाली दबलेली थेरपिस्ट कमी पगाराच्या शाळेत किंवा खेड्यातल्या दवाखान्यात जाऊ शकत नाही, आणि तिची गरज तिथेच सर्वांत जास्त असते. म्हणून विद्यापीठांनी फी पगाराच्या आवाक्यात आणलीच पाहिजे. अर्ज करणाऱ्यांनी हिशेब मांडून महाग जागा नाकारल्या, तरच ती आणली जाईल.