लागणीलाच सगळा युरिया टाकतो का आपण?



आज हुमणी नाही, ठिबक नाही. आडसालीच्या लागणी चालू आहेत, खताचा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात ताजा आहे. तोच हिशेब धरून आज घरातल्या विषयावर लिहितोय. आमची थोरली सून गरोदर आहे, नववा आठवडा चालू आहे. आणि तिनं काय खावं, किती खावं, यावर महिनाभर घरात वाद आहे.

आमची आई म्हणते, दोन जिवांची आहे, दोघांचं खाल्लं पाहिजे. शेजारच्या काकू म्हणतात, जास्त चारू नका, मूल मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. इकडं पोरीला फोडणीचा वासही सहन होत नाही. नोंदणीला वजन ४२ किलो होतं, मागच्या आठवड्यात ४१ भरलं. मग उपकेंद्रातल्या सिस्टरांशी सविस्तर बोललो. ते आपल्या भाषेत मांडतो.

उसाला लागणीच्या वेळी नत्र किती देतो? शिफारशीच्या १० टक्के. ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला राहिलेलं ४०. कोंबाला सुरुवातीला जास्त लागतच नाही. पण म्हणून लागणीचा डोस कोणी चुकवत नाही, निम्मं स्फुरद-पालाश तेव्हाच जातं.

गरोदरपणाचंही तसंच. तिसरा महिना संपताना बाळ असतं लिंबाएवढं. त्यामुळं पहिल्या तीन महिन्यांत दुप्पट जेवायची गरज नाही. या काळात आईचं वजन अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुरे. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे एक भाकरी आणि एक वाटी उसळ. बस्स.

मात्र सुरुवातीचा डोस चुकवायचा नाही, आणि तो म्हणजे फॉलिक ॲसिड. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की लगेच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून, १८० दिवस. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी आहे, त्यामुळं ही गोळी डब्यात पडून राहता कामा नये. गोळीसोबत आणि जेवणाला लागून चहा नको, लिंबू चालेल.

खायला काय? बहुतेक सगळं आपल्या बांधावर आहे. शेवग्याचा पाला, तांदूळजा, मोड आलेली मटकी, हरभरा, शेंगदाणे, नाचणी, दूध. खात असाल तर नीट शिजवलेली अंडी. शिरा-लाडवानं पोट भरतं, पण नुसत्या युरियावर पीक हिरवंगार दिसावं तसं होतं. सगळा गोडवा तुपात घातला तर प्रथिनं आणि लोह कुठून येणार?

मळमळ असेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. उठल्या उठल्या कोरडी भाकरी किंवा लाह्या. फोडणी दुसऱ्यानं द्यावी. आमच्याकडं आता ती जबाबदारी मुलाकडं आहे! एखादा किलो कमी होणं या दिवसांत बऱ्याच जणींना होतं. पण पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, किंवा ४२ किलोच्या बाईचं वजन दोन किलोच्या वर उतरलं, तर घरगुती उपाय बंद आणि सरळ दवाखाना.

आता काकूंचा मुद्दा. आमची सून १५२ सेंटिमीटर उंच. ४२ ला १.५२ नं दोनदा भागा, १८.२ येतं. १८.५ च्या खाली म्हणजे मुळातच वजन कमी. अशा पोरीला पुढं उपाशी ठेवलं तर बाळ अडीच किलोच्या आत भरायचा धोका वाढतो. नऊ महिन्यांत साधारण १० ते १२ किलो वाढ धरतात. कमी वजनाच्या बाईला त्याहून जास्त लागते. आधीच वजन जास्त असलेल्या बाईला कमी, कारण तिथं साखर आणि रक्तदाबाची भीती असते. एकाच गावात दोन रानांना एक डोस देतो का आपण? माती तपासतो. इथं काटा आणि रक्ताची तपासणी.

एक काम मात्र आपलं, पुरुषांचं. फवारलेली भाजी लेबलवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय घरात आणायची नाही. फवारणीचे कपडे तिला धुवायला द्यायचे नाहीत, पंपाजवळ तिला जाऊ द्यायचं नाही. आम्ही परसात दोन वाफे बिनफवारणीचे धरलेत, मेथी आणि तांदूळजा. बी ५० रुपयांचं.

ऊस बारा-अठरा महिन्यांचा, त्याची वही आपण ठेवतो. नऊ महिन्यांच्या या पिकाचं माता-बाल संरक्षण कार्ड घरातल्या कर्त्या माणसानं दर महिन्याला उघडून बघावं. वजनाचा आकडा त्यात लिहिलेला असतो.

पुढची नोंद बेणेप्रक्रियेवर.