अण्णांची स्कूटर आणि आंबोलीचा घाट

बेळगावच्या टिळकवाडीत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना सकाळचं एक दृश्य नक्की आठवत असेल. साडेआठ वाजले की दारोदारच्या स्कूटरी आधी एका अंगावर कलत्या व्हायच्या, मग किक, मग निळसर धूर. त्या धुरात आमच्या अण्णांचा वाटा जरा जास्तच असायचा. का, ते कळायला आंबोलीचा घाट चढावा लागला.

अण्णा उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली स्कूटर, म्हणजे घरातलं पाचवं माणूसच. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, आणि ते काम अण्णा कुणाला देत नसत. माप लिटरला २० मिली. अण्णा ४० ओतायचे. "तेल म्हणजे इंजिनाचं तूप. जरा जास्त गेलं म्हणून काय बिघडतंय?"

१९८९ चा मे महिना. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, लायसन्स नवं कोरं. अण्णा आणि मी सावंतवाडीहून आत्याकडून परत येत होतो. दाणोली मागे पडली, चढण लागली आणि गाडीनं मान टाकली. तिसरा, दुसरा, पहिला. ॲक्सिलरेटर कितीही पिळा, नुसती घरघर, ओढ नाही. शेवटी मी उतरलो आणि चालू लागलो. अण्णा एकटे पुढे जायचे, वळणावर इंजिन गार करत थांबायचे. वर आंबोलीत चहा पिताना म्हणाले, "दामटून दामटून इंजिनाची वाट लावलीस." घरी आल्यावर किल्ली कपाटात गेली.

पहिल्या गॅरेजवाल्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. फरक शून्य. मग म्हणाला, "पिस्टन गेलंय, बोअर करायला लागतंय." खर्च ऐकून अण्णा गप्प झाले. आईनं ताईच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची पुरचुंडी काढली. ताई काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती माझ्याकडे बघतही नव्हती. इंजिन मीच घालवलं, हे घरात ठरूनच गेलं होतं.

अण्णांच्या कारखान्यातल्या एका टर्नरनं सांगितलं, "पैसे मोजायच्या आधी दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एकदा दाखवा की." मिस्त्रीनं किक मारली, आवाज ऐकला आणि इंजिनाला हात न लावता सायलेन्सरच्या तोंडामागे तळहात धरला. मग गाडी बंद करून म्हणाला, "मालक, ह्याला श्वास घ्यायला येतोय, सोडायला येईना."

त्यानं समजावलं ते मला आजही पाठ आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, सिलेंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन खाली येताना आधी धूर जायची खिडकी उघडते आणि जळलेला वायू स्वतःच्या दाबानं बाहेर पळतो. लगेच दुसऱ्या खिडक्या उघडतात. त्यातून ताजं पेट्रोल आणि हवा आत येते आणि उरलासुरला धूर ढकलून देते. जुनं गेलं तरच नव्याला जागा. वाट तुंबली की जुना धूर आतच राहतो, नवं मिश्रण पुरेसं येत नाही आणि आलेलंही नीट जळत नाही. सपाटीवर, हळू चालवताना धूर थोडाच असतो म्हणून ते कळत नाही. चढणीला जास्त जोर मागितला की गाडी धापा टाकते.

सायलेन्सर सोडवला तर तोंडाशी कोळशाचा थर, मधे जेमतेम बोट जाईल एवढं भोक. मिस्त्रीनं पिस्टन वर आणून खिडकी झाकली, म्हणजे खरवडलेला कोळसा आत पडायला नको. मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीनं खिडकी साफ केली. सायलेन्सर जाळात घालून लालबुंद केला आणि गार झाल्यावर ठोकला. काळ्या खपल्यांचा ढीग पडला.

"तेल कोण घालतंय?"

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच."

"किती?"

"चाळीस."

मिस्त्री हसला नाही. "न जळालेलं तेलच कोळसा होऊन बसलंय बघा. पिस्टनला काय झालेलं नाही."

तीस रुपये झाले. बाहेर आल्यावर अण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू चालव." माफीबिफी काही नाही. पुढच्या वेळी पेट्रोल भरताना त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाचं माप काढलं आणि म्हणाले, "तू ओत. मी बघतो." ताईच्या लग्नाची पुरचुंडी परत फडताळात गेली.

ती स्कूटर पुढे बरीच वर्षं चालली. धुराचा रंग बघायची सवय मला तेव्हापासूनची. टू-स्ट्रोकला थोडा निळा धूर असणारच. फोर-स्ट्रोकला निळा दिसला तर आत ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त, नाहीतर हवा कमी. पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनाला पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

गेल्या पावसाळ्यात मुलाच्या डिझेल गाडीचा पिवळा दिवा लागला आणि ओढ कमी झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. ती पुरेशी तापली की काजळी आपोआप जळून जाते. पण ऑफिस ते घर, चार किलोमीटर, ती तापणार कधी? मुलगा मोठ्या खर्चाच्या भीतीनं चेहरा पाडून बसला होता. "एवढ्यात घेतलीस आणि घालवलीस," हे वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात आरामखुर्चीतून अण्णांचा आवाज आला. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. "त्याला बोलायच्या आधी धुराची वाट बघितलीस का रे?"

गाडीचं पुस्तक काढलं, त्यात सांगितलेलं तेच निघालं. मुलानं हायवेला संकेश्वरपर्यंत एका लयीत गाडी नेऊन आणली. परत आला तेव्हा दिवा गेला होता. अण्णा दारातच उभे होते.