लोणार टिपताना

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्काघाताने दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासूनची खोली सुमारे १४० मीटर आहे. एवढे प्रचंड विवर आणि त्याच्या तळाचे सरोवर पाहून परतलेल्या प्रवाशाच्या मोबाइलमध्ये मात्र बहुधा एखाद्या गावतळ्याएवढेच पाणी उरते. दोष कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. जागेची ठेवण आणि उजेडाची वेळ ओळखली की साध्या मोबाइलवरही छायाचित्र सुधारते, हा प्रस्तुत लेखकाचा लोणारच्या फेऱ्यांमधला अनुभव आहे.

पहिली अडचण आकाराची. काठावर उभे राहिल्यावर विवराचा गोल डावी-उजवीकडे जवळजवळ १८० अंशांत पसरलेला असतो. मोबाइलच्या मुख्य भिंगात त्यातले जेमतेम ७० अंश मावतात. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, मोबाइल उभा धरून शेजारशेजारची छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येकात आधीच्या चित्राचा तिसरा हिस्सा यावा आणि एक्स्पोजर कुलूपबंद ठेवावे, म्हणजे जोडकामात आकाशाचे पट्टे दिसत नाहीत. दुसरा मार्ग अधिक समाधान देतो: सगळे विवर टिपण्याचा हट्ट सोडून एक तुकडा निवडणे. खाली झाडीत दिसणारे देवळाचे शिखर किंवा पायवाटेवरचा माणूस चौकटीत आला, की समोरच्या भिंतीची उंची पाहणाऱ्याला आपोआप उमगते.

दुसरी बाब उजेडाची. लोणार गाव विवराच्या ईशान्येला आहे. सूर्योदयानंतर पश्चिमेचा कडा आधी उजळतो आणि पूर्वेच्या काठाची सावली तळ्यावरून हळूहळू मागे सरकते. हिवाळ्यात सकाळी गावाकडच्या काठावरून पाहताना सूर्य डाव्या हाताला असतो. त्या तिरप्या उन्हात समोरच्या उतारावरच्या घळी एकेक करून उठून दिसतात. प्रस्तुत लेखकाला या जागेची सर्वांत चांगली छायाचित्रे याच वेळी, काठावर निवांत थांबल्यावर मिळाली आहेत. संध्याकाळी इथून सूर्य समोर येतो. तेव्हा तपशिलाचा नाद सोडून काठाची काळी रेषाच टिपावी. मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सावल्या नाहीशा होतात आणि विवर सपाट दिसते. तो वेळ जेवणाला आणि विश्रांतीला द्यावा.

रंगाच्या बाबतीत लोणारला विशेष जपावे लागते. जून २०२० मध्ये इथले पाणी गुलाबी झाले. पाण्याची पातळी उतरून क्षारता वाढली आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढली, हे त्यामागचे कारण होते. जिथे पाण्याचा रंगच सरोवराची प्रकृती सांगतो, तिथे नंतर तो गडद करणे म्हणजे नोंद बिघडवणे. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवावा आणि छायाचित्रासोबत तारीख व वेळ लिहून ठेवावी.

गावातील दैत्यसूदन मंदिरात निराळा प्रश्न येतो. कॅमेरा काळ्या दगडालाही करडा करू पाहतो; म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करावे. मंदिराच्या बाह्यभिंती ताऱ्यासारख्या कोनाकोनांच्या आहेत. त्यामुळे कुठल्या ना कुठल्या कोनावर उजेड तिरपा पडतोच, आणि तिथेच मूर्तींचे दागिने, बोटे, वस्त्रांच्या चुण्या स्पष्ट होतात. आत फ्लॅश टाळावा. खांबाला टेकून, श्वास रोखून, आयएसओ वाढवून घेतलेले चित्र फ्लॅशने पांढऱ्या पडलेल्या चित्रापेक्षा केव्हाही सरस.

विवराच्या काठावरच्या धारेचे पाणी गोमुखातून अखंड वाहते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपले तर थेंबन्‌थेंब सुटा दिसतो. पाव सेकंदात तीच धार सलग होते. पाव सेकंदासाठी कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवावाच लागतो. इथे भाविक स्नान करतात, त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नये.

माणसे टिपायची तर याच जिल्ह्यातले सिंदखेड राजा गाठावे. जिजाऊंच्या या जन्मगावी त्यांच्या जयंतीला, १२ जानेवारीला, मोठी गर्दी लोटते. भगव्या झेंड्यांपेक्षा चेहरे बोलके असतात. आधी नमस्कार, मग दोन शब्द, मग परवानगी, हा क्रम पाळला की माणूस अवघडत नाही. आजीबाईंना पडद्यावर त्यांचे चित्र दाखवले, तर त्या स्वतःच पदर सावरून पुन्हा उभ्या राहतात. पाठवतो म्हटलेले छायाचित्र न चुकता पाठवावे.

लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही. वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये, चित्रासाठी पक्षी उठवू नयेत, पायवाट सोडू नये. जागेला धक्का लावून मिळालेले छायाचित्र कितीही देखणे असले तरी ते घेऊ नये.