बाबांना डबा दिसत नाही

नेटवर्कच्या भाषेतला ‘दिसणं’ हा शब्द जाम फसवा आहे. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली आमचा फाइल सर्व्हर बसलाय, चपलांच्या खोक्याएवढा. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर तो आपोआप दिसतो. अलिबागजवळ नागावला, बाबांच्या कॉम्प्युटरवर? नाव नाही!

आणि आतले फोटो त्यांचेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात नागावच्या घराची कौलं उडाली, अल्बम भिजले. वाचले तेवढे फोटो मी ठाण्याला आणून स्कॅन केले. पण त्यात कोण कोण आहे हे सांगू शकणारा माणूस आता एकच, आणि तो काही वाडी सोडून ठाण्याला येणार नाही.

घरातली मशिन्स एकमेकांना हाका मारून शोधतात. पडवीतून ‘कोण आहे रे?’ म्हटलं की माजघरातून ओ येते ना, तसंच. पण ही हाक राउटरच्या उंबरठ्याशी थांबते. लांबच्याला पत्ताच लागतो.

ऑफिसातल्या एकाने सोपा उपाय सांगितला. राउटरवर ४४५ नंबरचं पोर्ट उघड, झालं! नको रे बाबा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय याच फाइल शेअरिंगमधल्या भोकातून जगभर पसरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलंही त्यातून सुटली नाहीत.

म्हणून वायरगार्ड, म्हणजे दोन घरांमधला खासगी बोगदा. ठाण्याला स्टॅटिक आयपी घेतला. नागावचा राउटर स्वतःहून तिथे संपर्क करतो, त्यामुळे तिकडे वेगळा पत्ता विकत घ्यावा लागला नाही. गंमत म्हणजे दोन्ही घरांचे नंबर १९२.१६८.१ नेच सुरू होणारे. दोन गल्ल्यांना एकच नाव असेल तर पोस्टमनने जायचं कुठे? नागावचं १९२.१६८.५० केलं. सर्व्हरच्या फायरवॉललाही ‘ही आपलीच माणसं’ असं सांगावं लागलं. एवढं करूनही नेटवर्कच्या यादीत डबा दिसत नाहीच. त्याचा पत्ता एकदा टाइप करून बाबांच्या डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवला.

रविवारी सकाळीच फोन. ‘अरे, विहिरीपाशी उभी आहे ना, ती तुझी आजी नव्हे. तिची धाकटी बहीण. लिहून ठेव.’

दुपारपर्यंत अकरा फोटोंना नावं मिळाली. दोन माणसं मात्र त्यांनाही आठवली नाहीत.